पेपरला तीन दिवस राहिले असताना

टाकी भरली म्हणून मोटार बंद करायला अंगणात गेले होते. आमच्याकडं भाड्यानं राहणारा, वरच्या खोलीतला मुलगा जिन्यावर उभा दिसला. हातात मेसचा रिकामा डबा, खांद्यावर टॉवेल, डोळे जागरणानं लाल. डबा धुवायला उतरला असेल असं वाटलं, पण तो नळाकडे गेला नाही. मोटार थांबल्यावर अंगण एकदम शांत झालं, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, ऑरगॅनिक ऑप्शनला टाकलं तर चालंल का?" सीईटीच्या, म्हणजे इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी राज्य घेतं त्या परीक्षेच्या, पेपरला तीन दिवस राहिले होते.

हा प्रश्न त्यानं मला का विचारावा, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मी नोकरीभर फिजिक्स शिकवलं, हे त्याला ठाऊक आहे. केमिस्ट्रीला त्याचे क्लासचे सर आहेत, त्यांचा नंबर त्याच्याकडे आहे. कुठल्या धड्यावर किती प्रश्न येतात याचे तक्ते तर या पोरांच्या मोबाइलमध्ये ढिगानं पडलेले असतात. माहितीच हवी असती तर ती खोलीत बसल्या जागी मिळाली असती. पण घरापासून लांब, एक खाट आणि एक टेबल मावेल एवढ्या खोलीत, दोन वर्षं उराशी धरलेल्या पुस्तकातली पन्नास-साठ पानं बाजूला टाकायची, हे त्याला एकट्यानं ठरवायचं नव्हतं. उद्या त्यातलंच काही आलं तर ते ओझं एकट्याच्या अंगावर नको होतं. मोठ्या माणसानं जवळ उभं राहून 'हो, टाक' म्हणावं, एवढंच त्याचं मागणं होतं, असं मला वाटतं. आणि हे मागणं लहान नाही.

मी त्याला पुस्तक आणायला सांगितलं. आम्ही जिन्याच्या पायऱ्यांवरच बसलो. दिवसभर तापलेली फरशी संध्याकाळी सातलाही गरम होती. बालभारतीच्या बारावीच्या केमिस्ट्रीत सोळा धडे आहेत, हॅलोजन डेरिव्हेटिव्ह्जपासून पुढचं, शेवटचा धडा सोडला तर, सगळं ऑरगॅनिक. पुस्तकाचे कोपरे झिजून गोल झालेले, पहिल्या निम्म्या भागात पिवळ्या मार्करच्या रेघा, आणि पुढची पानं बरीचशी कोरी. ती पानं बघूनच कळलं की हा मुलगा आत्ता सोडत नाहीये, त्यानं कधीच सोडलंय, फक्त अजून स्वतःला सांगितलेलं नाही. मग आम्ही एकेक धडा घेतला. बायोमॉलिक्यूल्स आणि पॉलिमर्स ठेवायचे. तिथं रिॲक्शनांची लांबलचक साखळी लागत नाही. नायलॉन ६ कॅप्रोलॅक्टमपासून होतं, हे एकदा डोक्यात बसलं की बसलं. नावाच्या रिॲक्शन्स, म्हणजे सँडमायर, कॅनिझारो, रोझेनमुंड वगैरे, एका कागदावर. अमाईन्सच्या बेसिक स्ट्रेंग्थचा क्रम रोज एकदा वाचायचा. अल्कोहोल, फिनॉल, ईथरची कन्व्हर्जन्स मात्र टाकायची, सगळीच्या सगळी. तो मान हलवत होता. डब्याच्या झाकणाला लावलेलं रबर त्यानं काढलं आणि टाकायच्या पानांच्या गठ्ठ्याला घातलं. पुस्तक एका बाजूनं फुगलं, दुसऱ्या बाजूनं आवळलं गेलं. मग तो उठला आणि डबा धुवायला नळाकडे गेला.

कॉलेजात असताना मी दर जूनमध्ये वर्गावर गेले की पहिल्याच तासाला सांगायची, एकही धडा ऑप्शनला टाकायचा नाही. ते मी मनापासून सांगायची, आजही सांगेन. इलेक्ट्रोस्टॅटिक्स बारावीत टाकलेलं मूल पुढं इलेक्ट्रिकलला गेलं की तोच धडा दुप्पट होऊन समोर उभा राहतो. इंटिग्रेशन टाकलेल्याला तर इंजिनीअरिंगचं पहिलं वर्षच जड जातं. टाकलेला धडा कुठं जात नाही, हे मी इतक्या मुलांच्या बाबतीत पाहिलंय की त्यात मत बदलण्यासारखं काही नाही.

पण जूनमधलं बोलणं एप्रिलमध्ये कामाला येत नाही.

एप्रिलमध्ये आमच्या घराचा आवाजच बदलतो. लातुरात उद्योग भवनाच्या बाजूला ट्यूशन एरियात दिवसभर सायकली आणि स्कूटींची जी गर्दी असते, ती ओसरते. क्लासचे तास संपलेले असतात, फक्त टेस्ट चालू. मुलं खोल्यांत. दुपारी कूलरची घरघर, त्यातून वरच्या खोलीत कुणीतरी येरझाऱ्या घालत पाठ करतंय त्याची पावलं, भिंतीपर्यंत सात, परत सात. रात्री अकरानंतर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला की मला कळतं, हा आता खाटेवर जाणार होता पण परत बसला. मच्छर अगरबत्तीचा वास जिन्यातून खाली येतो. मेसचे डबे अर्धे भरलेले परत जातात, पोळी तशीच, वरण तेवढं प्यायलेलं. वरच्या बाथरूममध्ये आरशाशेजारी ट्रिग्नोमेट्रीच्या सूत्रांचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिकटपट्टीनं लावलेला आहे. तो आत्ताच्या मुलांनी लावलेला नाही. आधीचा कुणीतरी लावून गेला, नंतरच्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. रंग द्यायच्या वेळी पेंटरनं विचारलं तेव्हा मी त्याला तेवढा चौकोन सोडून रंग द्यायला सांगितला.

या शेवटच्या दिवसांत अभ्यास म्हणजे नेमकं काय चालतं, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. सीईटीच्या पेपरात पहिल्या नव्वद मिनिटांत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून शंभर प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला चोपन्न सेकंद. पुढच्या नव्वद मिनिटांत गणिताचे पन्नास, तिथं एका प्रश्नाला दोन मार्क आणि दोन मिनिटांनाही बारा सेकंद कमीच. वर्गात मी भरीव गोलाचा मोमेंट ऑफ इनर्शिया फळ्यावर इंटिग्रेशननं काढून दाखवायची. गोलाच्या चकत्या पाडायच्या, एकेका चकतीचा घ्यायचा, मग बेरीज. खडूनं बोटं पांढरी व्हायची आणि शेवटी दोन पंचमांश एमआर वर्ग आलं की मागच्या बाकावरून 'हां' असा एक आवाज यायचा. त्या आवाजासाठी मी शिकवत होते. चोपन्न सेकंदांत मात्र दोन पंचमांश हातावर तयारच असावं लागतं. भरीव गोल दोन पंचमांश, पोकळ गोल दोन तृतीयांश, चकती एक द्वितीयांश. ते कुठून आलं हे ज्याला समजलंय त्यालाही ते शेवटच्या दिवसांत पुन्हा जिभेवर आणावंच लागतं, नाहीतर समजलेलं सगळं पेपर सुटल्यावर आठवतं. मला याचं वाईट वाटतं आणि त्याच वेळी त्या पोराच्या जिभेवर ते नीट बसावं अशी काळजीही वाटते. दोन्ही खरं आहे.

त्यात एप्रिलमध्ये दोन परीक्षा मागेपुढे. आधी देशपातळीवरची जेईई मेन्स, पंचाहत्तर प्रश्न, तीनशे मार्क, चुकलं की एक मार्क वजा. मग सीईटी, तिथं वजा काही नाही. जेईईसाठी महिनोन् महिने मुलांनी हाताला एक सवय लावलेली असते, खात्री नाही तर हात लावायचा नाही. सोडून पुढं जायचं. थोड्याच दिवसांत त्याच हाताला उलटं शिकवायचं, की एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही, शेवटची पाच मिनिटं राहिली की उरलेल्या सगळ्यांवर काहीतरी टिक करून टाकायचं. सांगायला सोपं आहे. पण जी मुलं प्रामाणिक असतात, त्यांच्या हातून ते पटकन होत नाही. एका मुलीनं मला सांगितलं होतं, "मॅडम, येत नसताना टिक केलं की खोटं बोलल्यासारखं वाटतं." मी तिला घड्याळ लावून मॉक टेस्ट सोडवायला बसवायची आणि पंचाऐंशी मिनिटं झाली की शेजारी जाऊन उभी राहायची, ती सगळे गोल भरेपर्यंत. तिला तेवढं पुरलं. सोबत कुणी उभं असलं की हात चालतो.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो एका वाक्याचा. 'वर्षभर काय केलंस?' रात्री नवाच्या सुमाराला घरोघरचे फोन येतात. अहमदपूर, गंगाखेड, केज, उदगीर. वडील रानातून किंवा दुकानातून आलेले असतात, काळजीपोटी विचारतात, झाला का अभ्यास, आणि मूल म्हणालं की दोन धडे राहिलेत, की तिकडून हे वाक्य येतं. नातेवाईकही म्हणतात, शिक्षकही म्हणतात. त्या पोरानं वर्षभर काय केलं हे मी पाहिलेलं असतं. जानेवारीत जेईईचा पहिला अटेम्प्ट, मग बारावीची प्रॅक्टिकल्स, मग बोर्डाचे पेपर मार्चपर्यंत, मग पुन्हा जेईई, मग सीईटी. एक गोष्ट आवरून दुसरीकडे वळेपर्यंत तिसरीची तारीख आलेली असते. सीईटीतले वीस टक्के प्रश्न अकरावीचे. ती अकरावी बिचारी दोन वर्षांपूर्वीच्या वह्यांत धूळ खात पडलेली. शेवटच्या मिनिटाला अभ्यास करणारं मूल आळशीच असतं, हे लोकांनी ठरवून टाकलंय. काही असतातही. एक मुलगा वर्षभर मोबाइलवर क्रिकेटच खेळला, हे मला त्याच्या आईइतकंच माहीत होतं. एकाचे वडील दिवाळीत गाडीवरून पडले, तो तीन महिने गावी होता. शेवटच्या आठवड्यात दोघंही रात्री दोनपर्यंत जागत होते. त्या आठवड्यात मला त्या दोघांत फरक करावासा वाटला नाही. ज्यानं वेळ घालवला त्यालाही उरलेल्या वेळात अभ्यास करायचा हक्क आहे, आणि त्या वेळी त्याला बोलणी खायला लावण्यात काहीच शहाणपणा नाही. बोलायचं असेल तर जूनमध्ये बोलावं, अख्खा महिना मोकळा असतो.

पर्सेंटाइलचं, म्हणजे शंभरातली किती मुलं मागं टाकली याचं, गणितही या बोलण्यात भर घालतं. इंजिनीअरिंगच्या गटाला आता चार लाखांच्या वर मुलं बसतात. म्हणजे एका पर्सेंटाइलच्या आत चार हजारांवर मुलं. घरातल्यांना वाटतं, पंच्याण्णव आणि शहाण्णव यांत काय ते अंतर! पण पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय तर सोडाच, आमच्या इथून जवळचं नांदेडचं एसजीजीएस कॉलेज धरलं तरी त्या एका आकड्यात ब्रँच बदलते. मुलाला हे पक्कं माहीत असतं. तीन दिवसांत दोन धडे नीट झाले तर चार प्रश्न जास्त येतील, चार प्रश्नांनी कितीजण मागं पडतील, हा हिशेब त्याच्या डोक्यात चालूच असतो. म्हणून तो रात्री जागतो. त्याला वेडं म्हणू नये.

२०१६ चा एप्रिल मी विसरणार नाही. लातूरला नळाला पाणी नव्हतं. पाणी भरायच्या ठिकाणी गर्दी करायला बंदीचा हुकूम निघालेला. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, आणि ती बघायला स्टेशनवर माणसं लोटली. बहुतेक क्लासेसनी मुलांना घरी पाठवलं. आमच्याकडची निम्मी मुलं गेली, पण काहींच्या गावीही पाणी नव्हतंच, ती राहिली. दोन वर्षं जेईईच्या मार्कांवर ॲडमिशन झाल्यानंतर त्या साली इंजिनीअरिंगला पुन्हा राज्याची सीईटी आली होती आणि पेपर होता ५ मेला. मुलं टँकरच्या रांगेत घागर पुढं सरकवत आणि हातातली चिठ्ठी वाचत. एकाची चिठ्ठी मला आठवते, बसच्या तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात सिरीज आणि पॅरलल कपॅसिटरची सूत्रं. ओल्या अंगठ्यानं शाई पसरली होती. त्यातच २८ एप्रिलला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, मेडिकलला राज्याची सीईटी नाही, देशभराची नीट परीक्षाच लागणार. पेपर आठवड्यावर आलेला, आणि ज्यासाठी तयारी केली तो पेपरच उपयोगाचा नाही म्हणताहेत. पुढं मेच्या शेवटी अध्यादेश निघाला आणि राज्यांना त्या वर्षापुरती सूट मिळाली, पण मधले ते दिवस त्या पोरांनी कसे काढले ते मी पाहिलंय. इंजिनीअरिंगवाले शांत बसले होते, कारण खोलीत शेजारी मेडिकलवाला होता आणि त्याच्यासमोर स्वतःच्या पेपरबद्दल बोलायची त्यांना चोरी वाटत होती. अठराव्या वर्षी हे समजणं काही कमी नाही.

२०२५ च्या सीईटीत २७ एप्रिलच्या सकाळच्या शिफ्टला गणिताच्या पन्नास प्रश्नांपैकी एकवीस प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले. ५ मेला त्या शिफ्टच्या मुलांची फेरपरीक्षा घ्यावी लागली. आमच्याकडचं त्या शिफ्टला कुणी नव्हतं. पण बातमी आली तेव्हा वरच्या मजल्यावर सगळे एका खोलीत जमले आणि कितीतरी वेळ कुणी काही बोललं नाही. एकदा 'शेवटचा दिवस' म्हणून मूल सगळं पणाला लावतं, वह्या बांधून ठेवतं, आणि मग त्याला सांगायचं की पुन्हा उघड. चूक कुणाचीही असो, पन्नासातले पर्याय तपासणाऱ्या माणसालाही एक शेवटचा दिवस असतोच. तो त्यानं नीट वापरायला हवा होता.

आणि ती आजी. निलंग्याकडची. नातवाला स्वयंपाक करून घालायला म्हणून सुगीनंतर आली आणि परीक्षा होईपर्यंत राहिली. लातुरात अशा आया आणि आज्या पुष्कळ. खोली भाड्यानं घेऊन दोन-दोन वर्षं राहतात, गावाकडं घराला कुलूप. या आजीला वाचता येत नव्हतं. नातू रात्री अभ्यासाला बसला की ती त्याच्या टेबलाजवळ जमिनीवर भिंतीला टेकून बसायची आणि वाती वळायची. कापसाचा पुंजका गुडघ्यावर ठेवायचा, चिमटीत ओढायचा, तळव्यानं फिरवायचा. मी एकदा म्हटलं, आजी, तुम्ही तरी निजा. तर म्हणाली, "लेकरू जागतंय, मी कशी निजू?" तिला अक्षर कळत नव्हतं पण पान उलटल्याचा आवाज कळत होता. बराच वेळ पान उलटलं नाही की म्हणायची, "काय रं बाबा, लई अवघड हाय का?" मग तो हसायचा आणि तिला सांगायचा काय अवघड आहे ते. सेमिकंडक्टर डायोड मराठवाडी मराठीत आजीला समजावून सांगताना मी त्याला ऐकलंय. करंट एकाच बाजूनं जातो आजी, परत येऊ देत नाही. आजी म्हणाली, मग तो दारवानच की. तिनं त्याला एकदाही 'झालं का' असं विचारलं नाही. परीक्षा संपली तेव्हा पत्र्याचा डबा भरून वाती झाल्या होत्या. जाताना निम्म्या मला देऊन गेली.

तिच्यासारखं बसणं मला जमत नाही, मी शिक्षक आहे, मधे बोलल्याशिवाय राहवत नाही. पण ऑरगॅनिकच्या त्या प्रश्नानंतर मी एक केलं. समोरची खोली, जिथं मी पेपर वाचते, ती रात्री दहा ते बारा उघडी ठेवली. दिवा चालू, माठात पाणी, दोन खुर्च्या. वर निरोप दिला की कुणाला यायचं असेल तर यावं. पहिल्या रात्री कुणी आलं नाही. दुसऱ्या रात्री दोघं आले, एकानं एसी सर्किट विचारलं, दुसरा नुसताच बसला आणि गटागटा पाणी पिऊन गेला. पेपरच्या आदल्या रात्री सगळेच होते. फिजिक्स कुणीच विचारलं नाही. हॉल तिकिटाचा प्रिंट, आधार कार्ड, पारदर्शक पेन, सेंटरला किती वाजता निघायचं, नऊच्या शिफ्टला रिक्षा मिळेल का, कुणाचे वडील मोटारसायकलवर येणार आहेत, पेपरात मधेच पोटात दुखलं तर काय करायचं. ही सगळीसुद्धा शेवटच्या मिनिटाची तयारीच, आणि तिला कुठल्या क्लासनं तास ठेवलेला नसतो.

तो मुलगा पेपर देऊन दुपारी परत आला तेव्हा ऑरगॅनिकचं त्यानं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गणित लेंग्थी होतं म्हणाला. संध्याकाळच्या एसटीनं गावी गेला. निकाल लागायचाय, मग प्रवेशाचे कॅप राउंड, मग तो कुठं जातो ते कळेल. खोली आवरताना त्याचं केमिस्ट्रीचं पुस्तक टेबलावर दिसलं, पुढच्या मुलांसाठी ठेवून गेलाय. रबर तसंच होतं. मी ते काढून टाकलं. पुढच्यानं काय टाकायचं ते पुढच्यानं ठरवावं, आणि तेही एप्रिल आल्यावर.

समोरची खोली अजून चालू आहे. मागच्या बाजूच्या खोलीत नीटवाल्या दोघी मुली आहेत, त्यांचा पेपर मेच्या पहिल्या रविवारी. बायोलॉजीतलं मला काही येत नाही हे मी त्यांना आधीच सांगितलंय, तर म्हणाल्या, तुम्ही फक्त पुस्तक धरा, आम्ही म्हणून दाखवतो. काल प्लांट किंगडम झालं. फिजिक्समध्ये त्या लेन्झच्या नियमावर अडल्यात, करंटची दिशा दर वेळी उलटी काढतात. आज शेल्फातून जुना चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं शोधून ठेवलंय, गॅल्व्हानोमीटर शेजारच्या सरांकडून आणायचाय.